अलार्मची बॅटरी सारखी बसते, दोष बॅटरीचा की पॅनेलचा? (नेरूळ, रो हाऊस)

जिन्याखालचं_कपाट:

नमस्कार मंडळी. आई-बाबा नेरूळला सिडकोच्या जुन्या रो हाऊसमध्ये राहतात. मी ठाण्यात कासारवडवलीला, त्यामुळे त्या घराच्या तांत्रिक कटकटी एकतर फोनवर सुटतात नाहीतर रविवारची वाट बघतात. मागे शेजारच्या गल्लीत भरदुपारी घरफोडी झाली, तेव्हा बाबांनी बर्गलर अलार्म बसवून घेतला. जिन्याखालच्या कपाटात लोखंडी डब्यात पॅनेल, दाराशी कीपॅड, तीन मोशन सेन्सर, दारा-खिडक्यांना मॅग्नेट, बाहेर छज्जाखाली हूटर आणि सिम घालायचा ऑटो डायलर (अलार्म लागला की ठरलेल्या नंबरांना फोन करणारा). डब्याच्या तळाशी १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास) एसएमएफ बॅटरी, म्हणजे शिसं-आम्लाची, पाणी घालावं न लागणारी.

आता त्रास काय तर कीपॅडवर पिवळा दिवा आणि थोड्या थोड्या वेळाने टुक, टुक. रात्री घर शांत झालं की हा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो. आईची झोप उडाली आहे आणि बाबांचं डोकं. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर नवी बॅटरी घातली, ती गणपतीनंतर बसली. दुकानदाराने वॉरंटीत बदलून दिली. दुसरी मे महिन्यात आई-बाबा गावाहून परतल्यावर 'लो बॅटरी' दाखवायला लागली आणि आता तो दिवा जातच नाही. ज्याने सिस्टीम बसवली तो फोन उचलत नाही. दुसऱ्या एकाने घरी न येताच 'पॅनेलचं चार्जिंग गेलंय, पूर्ण पॅनेल बदला' असं सांगून टाकलं.

जास्त चार्ज होऊन बॅटरी मरते म्हणावं, तर बाबा त्या बाबतीत फार काटेकोर आहेत. गावाला निघताना गॅस, पाण्याची टाकी, मेन स्विच, सगळं बंद केल्याशिवाय कुलूप लावत नाहीत.

गणपतीला दोघं कुडाळला जातात, चतुर्थीच्या दोन दिवस आधी निघून चांगले अकरा दिवस. त्याच्या आत हे मार्गी लावायचंय. बॅटरी माझी मला बदलता येईल का? ७ ऐवजी १२ एएचची घालावी का? की पॅनेलच गेलंय? माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे आणि वापरताही येतो.


घणसोली_पाम:

लिथियम टाका ताई, विषय संपला. शिसं-आम्लाचे दिवस गेले आता. आणि खरं सांगू का, अलार्म हवाच कशाला? दोन वायफाय कॅमेरे लावा, मोबाइलवर घर दिसतं.


हूटरकाका:

ताई, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, फक्त ते तुम्ही बाबांच्या कौतुकात लिहिलंय. मेन स्विच बंद.

ठाण्यापासून बेलापूरपर्यंत बँका, पेढ्या आणि बंगल्यांचे अलार्म सर्व्हिस करण्यात माझी नोकरी गेली. मे महिना सरला की आणि अनंत चतुर्दशी झाली की 'बॅटरी बसली' अशा तक्रारींची रांग लागायची. कोकणातल्या लोकांची घरं जास्त. कारण बहुतेक वेळा हेच.

हिशोब करून बघा. पॅनेल, कीपॅड, तीन सेन्सर आणि डायलर, काही न वाजता नुसते जागे असले तरी मिळून साधारण दीडशे मिलिअँपिअर घेतात. ७ एएचला ०.१५ ने भागा, ४६ तास येतात. हे कागदावर, तेही बॅटरी नवी असताना. वर्षभर वापरलेली असेल तर दीड दिवस धरा. आई-बाबा दोन दिवस आधी निघतात म्हणता, म्हणजे कुडाळात बाप्पा मखरात बसायच्या आत नेरूळच्या पॅनेलने मान टाकलेली असते. अकरा दिवस पुरायला जवळपास ४० एएच लागतील. म्हणून १२ एएचची घालून काही साधत नाही. ती तुमच्या डब्यात बसायचीही नाही, आणि छोट्या पॅनेलचं चार्जिंग मुळात अर्ध्या अँपिअरच्या आसपास असतं, त्यावर ती भरायला वेळ लागेल तो वेगळाच.

बॅटरी नुसती उतरली असती तर लाईट आल्यावर पुन्हा भरली असती. पण १२ व्होल्टच्या या बॅटरीला साडेदहाच्या खाली न्यायचं नसतं. चांगली पॅनेलं तिथे स्वतःहून बॅटरी तोडतात, स्वस्तातली तोडत नाहीत, शेवटच्या थेंबापर्यंत ओढत राहतात. मग ती बॅटरी आठ-नऊ दिवस रिकामी पडून राहते. प्लेटांवर लेड सल्फेट घट्ट बसतं, ते चार्जिंगने पुरतं निघत नाही. बाबा परत येतात, मेन वर करतात, काही तासांत व्होल्टेज तेरा-साडेतेरा दिसायला लागतं आणि सगळ्यांना वाटतं भरली. घागर काठोकाठ दिसते, आत निम्मे दगड असतात. पुढच्या वेळी लाईट गेली की तासाभरात टुकटुक सुरू.

आणि बॅटरीचे हजार-बाराशे रुपये राहू द्या बाजूला. घर रिकामं असताना आठ-नऊ रात्री अलार्मच बंद होता. ज्या दिवसांसाठी बसवला, नेमके तेच दिवस.

आता बाबांना 'मेन चालू ठेवा' एवढंच सांगू नका, ते ऐकणार नाहीत आणि त्यांचं चूकही नाही. जुन्या घराचं वायरिंग, पावसाळी ओल, उंदीर, मागे कोणी नाही. वायरमन बोलवा आणि डीबीमध्ये (घरातल्या सगळ्या लाईन वाटणाऱ्या डब्यात) अलार्मला स्वतंत्र एमसीबी (एका लाईनचा छोटा स्विच) काढून घ्या. मग मेन तसाच ठेवून बाकीचे सगळे एमसीबी पाडायचे. गीझर, एसी, पंप, प्लगचे पॉइंट, सगळं बंद, फक्त अलार्मची एक लाईन जिवंत. तीही डब्याजवळ फ्यूज लावून.

अजून एक खाचखळगा आहे. तुमच्याकडे आरसीसीबी (कुठे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) असणार, असायलाच हवी. गेटच्या दिव्यात पावसाचं पाणी शिरलं की ती पडते आणि तिच्याबरोबर पूर्ण घर. म्हणून अलार्मच्या लाईनला वेगळा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) घ्या, म्हणजे गेटच्या दिव्याची शिक्षा अलार्मला मिळत नाही. कोणी वायरमन 'आरसीसीबीला बायपास करून देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पॅनेल गेलंय की नाही ते मल्टिमीटरवर घरबसल्या कळेल. बॅटरी जोडलेली, लाईट चालू, दिवसभर चार्ज झाल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. साडेतेरा ते १३.८ च्या मध्ये आलं तर चार्जर ठणठणीत. १४ च्या वर स्थिर असेल तर चार्जर जास्त देतोय, अशी बॅटरी बाजूने फुगलेली सापडते. तेराच्या खालीच अडकलं असेल तर घाई करू नका, मेलेली बॅटरीही व्होल्टेज खाली ओढते. चांगली बॅटरी लावून पुन्हा मोजायचं, मगच पॅनेलला नावं ठेवायची.

नंतर बॅटरीची लग (वायरच्या टोकाची पत्र्याची टोपी) काढून बॅटरीला दोन तास मोकळी ठेवा आणि मोजा. १२.७ च्या वर असेल तर वरवर बरी, १२ च्या खाली असेल तर बहुतेक कामातून गेलेली. पण हे मोकळं व्होल्टेज फसवतं. १२.६ दाखवणारी बॅटरी हूटर वाजला की धाडकन ९ वर आलेली मी किती पाहिली. लोड देऊन बघा. मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब मिळतो, तो लावला की पावणेदोन अँपिअर खेचतो. भरलेली, चांगली ७ एएचची बॅटरी त्यावर अर्ध्या तासानंतरही बाराच्या वर असते. पाच-दहा मिनिटांत अकराच्या खाली घसरली तर तिचा निरोप घ्या. बल्ब तापतो, प्लास्टिकवर ठेवू नका.

बदलणं अवघड नाही. आधी पॅनेल सर्व्हिस मोडला घ्या, नाहीतर डब्याचं झाकण उघडताच टॅम्पर (डबा उघडल्याचा इशारा) लागून हूटर गल्ली गोळा करेल. डब्यात एका कोपऱ्यात २३० व्होल्टची वायर ट्रान्सफॉर्मरला येते. तिच्या स्क्रूवर झाकण नसेल तर एमसीबी पाडूनच हात घाला. बांगड्या, अंगठी काढा, छोटी बॅटरी शॉर्ट झाली तरी ठिणग्या उडून हात भाजण्याइतका करंट देते. आधी काळी वायर काढायची, जोडताना लाल आधी. काही हूटरच्या पेटीत स्वतःची वेगळी बॅटरी असते, वायर कापली तरी वाजत राहावा म्हणून. पॅनेल पूर्ण बंद केल्यावरही बाहेर बोंब सुरू राहिली तर घाबरू नका, ती तीच.

नवी घेताना लग बघून घ्या. टर्मिनल दोन मापांत येतात, ४.८ आणि ६.३ मिलिमीटर. मोठी लग छोट्या टर्मिनलवर सैल बसते, तिथे ठिणगी होते, पांढरा क्षार धरतो आणि मग चार्जिंगच पोचत नाही. नेरूळला खाडीचा वारा आहे, हे लवकर होतं. क्षार दिसला तर कोरड्या ब्रशने साफ करून व्हॅसलिनचं बोट फिरवा. बाकी माप सगळीकडे एकच, १५१ बाय ६५ मिलिमीटर, कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसमध्ये असते तीच. बनवल्याची तारीख मात्र बघा. सहा महिन्यांहून जास्त शेल्फवर पडलेली, चार्ज न केलेली बॅटरी घरी येतानाच अर्धी म्हातारी असते.

कपाटाबद्दल. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंश सेल्सियसला मोजतात, त्यावर दर आठ-दहा अंशांना निम्मं होतं. जिन्याखालचं बंद कपाट मे महिन्यात ३५ च्या खाली येत नाही. म्हणजे पाच वर्षांची बॅटरी अडीच वर्षं. त्याच कपाटात इन्व्हर्टर ठेवला असेल तर आणखी कमी. दाराला जाळी बसवा. पण काही महिन्यांत बॅटरी मरते ती उकाड्याने नाही, मेन स्विचनेच.

घणसोलीकर, लिथियमला माझा विरोध नाही. पण ती शेवटपर्यंत तेराच्या आसपास व्होल्टेज धरून ठेवते आणि मग एकदम कोसळते. शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेलं पॅनेल 'लो बॅटरी' म्हणेल तेव्हा फार उशीर झालेला असतो. पॅनेल बनवणाऱ्याने चालेल असं लिहून दिलं असेल तर जरूर लावा. आणि कॅमेऱ्याचं म्हणाल, तर मेन बंद केल्यावर तुमचा राउटर काय कंदिलावर चालणार?


घणसोली_पाम:

कंदील 😄 मान्य, काका. आमच्याकडे राउटरला यूपीएस आहे, पण तो दोन तास टिकतो, आणि त्याची बॅटरी मी घेतल्यापासून बघितलेली नाही. आज उघडतो.


कोपरी_पूर्व:

काकांनी बॅटरीचं सगळं सांगितलंच आहे, मी डायलरबद्दल लिहितो. आमच्या सोसायटीत दोन फ्लॅटना हीच सिस्टीम आहे.

जुने डायलर २जीवर चालतात. जिओचं २जी नेटवर्क नाहीच, त्यामुळे ते सिम घालून 'नेटवर्क येत नाही, डायलर बिघडला' म्हणणारे बरेच भेटतात. दुसरं, रिचार्ज. या सिमवर कोणी बोलत नाही म्हणून ते कोणाच्या लक्षातच राहत नाही. मुदत संपली की आउटगोइंग बंद, आणि पॅनेल मात्र आपलं 'कॉल केला' असं समजून गप्प. आमच्या एका शेजाऱ्यांचा हूटर वाजत होता, वॉचमनने ऐकला म्हणून बरं, ते स्वतः पुण्यात निवांत होते. त्या सिमचा नंबर स्वतःच्या मोबाइलच्या रिचार्जच्या आठवणीत टाकून ठेवा.

डायलरमध्ये 'लाईट गेली' आणि 'बॅटरी कमी' असे दोन वेगळे मेसेज असतात. पुष्कळदा बसवणारा ते चालूच करत नाही, फक्त चोरीचा कॉल चालू ठेवतो. मॅन्युअल काढून ते चालू करा आणि तुमचा ठाण्याचा नंबर पहिला टाका. मेन पडल्याचं पहिल्याच तासाला कळलं तर शेजाऱ्यांना फोन करून डीबी बघायला सांगता येतं.

आणि मोशन सेन्सरवर पाल. हसू नका. भिंगासमोरून पाल गेली की सेन्सरला ती माणसाएवढी दिसते. सेन्सरच्या मागची वायरची भोकं सिलिकॉनने बुजवा, आत मुंग्याही घर करतात.


हूटरकाका:

कोपरीकर, बरोब्बर. पालीमुळे रात्री दोनला पेढी उघडायला लावलेले शेठ मी बघितलेत.

मेसेजच्या मुद्द्यावरून आठवलं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली होती, तेव्हा कोणाची बॅटरी खरी आणि कोणाची शोभेची ते भराभर कळलं. काही पॅनेलं लाईट गेल्या क्षणी बंद. मालकांना आदल्या दिवसापर्यंत हिरवा दिवा दिसत होता. हिरवा दिवा 'लाईट आहे' एवढंच सांगतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा अलार्मचा एमसीबी मुद्दाम पाडायचा, पॅनेल आर्म करायचं (पहाऱ्यावर लावायचं), चार तासांनी मीटर लावायचा आणि शेवटी अर्धा मिनिट हूटर वाजवायचा. शेजाऱ्यांना सांगून, आणि दुपारी.


जिन्याखालचं_कपाट:

काका, कोपरीकर, मनापासून आभार. रविवारी नेरूळला जाऊन मोजलं. दिवसभर चार्जिंगनंतर १३.६. दोन तास मोकळी ठेवल्यावर १२.१. इंडिकेटरचा बल्ब लावला तर चौथ्याच मिनिटाला १०.४. फुगलेली नाही, पण काळ्या बाजूच्या लगवर हिरवट-पांढरं काहीतरी आहे. सिमचा रिचार्ज मार्चमध्येच संपलेला निघाला.

कपाटात इन्व्हर्टर नाही, पण आईने पापडांचे डबे पॅनेलला टेकवून रचले होते. ते हलवण्याच्या वाटाघाटी चालू आहेत.

बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ते म्हणाले, मला लिहू दे. पुढचं त्यांचं:

हूटरकाका यांस, नमस्कार. मी महावितरणच्या भरवशावर घर सोडून जाणारा माणूस नाही. आमच्या ओळीत एका बंद घरात शॉर्ट सर्किट होऊन सोफा जळाला होता, तेव्हापासून मेन बंद करतो. वेगळी लाईन काढायला माझी हरकत नाही, वायरमन बुधवारी येतोय. दोन शंका आहेत. एक, आम्ही नसताना तो भोंगा लागला आणि थांबलाच नाही तर शेजारी आम्हाला परत घरात घेणार नाहीत. दोन, अकरा दिवस चार्जिंगला लावून बॅटरी तापणार नाही काय?


हूटरकाका:

नमस्कार साहेब. सोफ्याची गोष्ट ऐकल्यावर तुमचा स्विच मला पटला.

दुसऱ्या शंकेचं आधी सांगतो. चार्जर १३.६ देतोय, म्हणजे उत्तम. या व्होल्टेजला भरलेली बॅटरी फक्त स्वतःची झीज भरून काढण्यापुरता करंट घेते, काही मिलिअँपिअर. हात लावलात तर कोमटही लागायची नाही. तिला वर्षभर असंच ठेवायचं असतं, तिचं काम तेच. तापते ती फुगलेली किंवा आतून शॉर्ट झालेली, आणि ती तर तुम्ही आता बदलताच आहात. एवढं करूनही मन मानत नसेल तर डबा लोखंडी आहे, भिंतीवर आहे, त्याच्या आसपास हातभर काही जळणारं ठेवू नका. म्हणजे पापडांचे डबे हलवायचेच. वहिनींना माझं नाव सांगा.

भोंग्याला वेळ लावता येतो. प्रोग्रॅमिंगमध्ये 'सायरन टाइम' असतो, तो तीन-चार मिनिटांवर ठेवा. तेवढ्यात चोर पळतो नाहीतर शेजारी उठतात, त्यापुढे वाजून फायदा नाही. रात्री १० ते सकाळी ६ मध्ये आवाजाचे नियम कडक आहेत, तासभर बोंबलणाऱ्या हूटरची तक्रार कोणीही करू शकतो. एकाच सेन्सरने वारंवार वाजू नये म्हणून पॅनेलमध्ये मर्यादा असते, तीन वेळा वाजला की तो झोन (त्या सेन्सरची लाईन) पुढच्या आर्मिंगपर्यंत बाद. ती चालू आहे का बघा. डायलरवर पहिला नंबर मुलीचा, दुसरा किल्ली असलेल्या शेजाऱ्यांचा. त्यांना एकदा कीपॅडवर हूटर बंद करायला शिकवून ठेवा आणि त्यांचा वेगळा कोड टाका, तुमचा देऊ नका. दार फुटलेलं दिसलं तर त्यांनी आत जायचं नाही, ११२ लावायचा.

ताई, तुमच्या आकड्यांवरून पॅनेल ठीक आहे, बॅटरी संपलेली. पॅनेल बदला म्हणणाऱ्याला पुन्हा फोन करू नका. १३.६ दिसतंय म्हणजे चार्जिंग पोचतंय, पण त्या लगचा क्षार आत वायरपर्यंत गेला असेल तर लग कापून नवी दाबून घ्या, नुसती पुसून भागणार नाही.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तो शिसं काढायला फोडतो आणि आम्ल गटारात जातं. नवी घ्याल त्या दुकानातच परत द्या, किमतीतून थोडे पैसे कमी होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन रीसायकल करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे बरा दुकानदार नाही म्हणत नाही.

आणि नवी बॅटरी निघायच्या आदल्या संध्याकाळी लावू नका. दुकानातली थोडी उतरलेलीच असते आणि तुमच्या पॅनेलला ती भरायला दिवस-दीड दिवस लागेल. आठवडाभर आधी लावा, म्हणजे एमसीबी पाडून चार तासांची परीक्षा घेता येईल आणि नापास झाली तर दुकानदाराशी भांडायलाही वेळ राहील. वायरमन बुधवारी येतोय तर त्याच्यासमोरच बाकीचे सगळे एमसीबी पाडून बघा, कीपॅडचा हिरवा दिवा राहतो का. अलार्मच्या एमसीबीवर पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर गडबडीत तोही खाली जातो.